मटण कुठलं, हे विचारायला लाजू नका

*ताई, नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. मी आमच्या मराठी मंडळाच्या खानपान समितीत आहे. दरवर्षी सहलीला आम्ही मटणाचं जेवण ठेवतो, माणशी पैसे घेतो, दीडशेच्या आसपास माणसं जेवतात. मटण वर्षानुवर्षं एकाच खाटकाच्या दुकानातून येतं. दुकानदार आमच्या घरच्यासारखे. करोनाच्या दिवसांत सासूबाई आजारी होत्या तेव्हा सामान दाराशी आणून ठेवायचे. त्यांच्या काउंटरवर ‘लोकल फ्रेश गोट’ अशी पाटी आहे. तिच्या भरवशावर यंदा निमंत्रणात ‘टेक्ससच्या शेतकऱ्यांकडचं ताजं मटण’ असं लिहायचं आम्ही ठरवलं. परवा ऑर्डर द्यायला गेले तर मागच्या दाराने खोकी उतरत होती. वर ‘प्रॉडक्ट ऑफ ऑस्ट्रेलिया’ छापलेलं, आत गोठलेलं मटण. मी काहीच बोलले नाही. घरी सांगितलं तर हे म्हणाले, ‘चव चांगली असते ना, मग कशाला खोलात जायचं?’ माझ्या मुलीच्या मैत्रिणीच्या आजोबांची सॅन अँजेलोकडे शेळ्यांची रँच आहे. भाव मिळत नाही म्हणून कळप कमी करतोय, असं ते म्हणत होते. ते ऐकल्यापासून माझ्या मनाला लागून राहिलंय. दुकानदारांना विचारू का? तक्रार करू का? आणि खरंच इथल्या शेतकऱ्याकडून घ्यायचं तर दीडशे माणसांचं जमवायचं कसं?*

*— सहलीची काळजीवाहू, टेक्सस*

प्रिय काळजीवाहू,

निमंत्रणातली ती ओळ आजच काढा. दुकानदारांशी बोलणं, रँचवर फोन, समितीची बैठक हे सगळं सावकाश करता येईल. पण ती ओळ तुमच्या समितीच्या नावाने जाणार आहे, आणि खोकी डोळ्यांनी पाहिल्यावर ती तुम्हाला लिहिता येणार नाही. काउंटरवरची पाटी त्यांची आहे, निमंत्रण मात्र तुमचं आहे. लोक तुमच्यावर विश्वास ठेवून पैसे भरणार आहेत.

दुकानदारांबद्दल मत बनवायची मात्र घाई करू नका. तुम्ही खोकी पाहिलीत, त्यातलं मटण कुठल्या ट्रेमध्ये गेलं ते पाहिलं नाही. टेक्ससमधली बरीच दुकानं दोन्ही ठेवतात: इथल्या बोकडाचं ताजं, जरा महाग, आणि बाहेरून आलेलं गोठलेलं, स्वस्त. मोठ्या ऑर्डरीला, हॉटेलवाल्यांना, मंडळांना बहुधा दुसरं जातं, कारण मोठी ऑर्डर देणारा आधी भाव विचारतो. तुमच्या मंडळाने इतक्या वर्षांत दुकानदारांना ‘काय भाव लावाल?’ याखेरीज काही विचारलं होतं का? नसेल, तर त्यांनी भावाचंच उत्तर दिलं असेल. तरीही पाटी एका मालाची आणि हातात पडतं दुसरंच, असं होत असेल तर ते चूकच. माणूस आपल्या अडचणीला धावून आला म्हणून ते बरोबर ठरत नाही. तुम्ही गप्प राहिलात ते त्यांच्या उपकारांमुळे, हे पत्रात दिसतंच आहे. पण आपल्या माणसाला आपण न विचारता मनातल्या मनात दोषी ठरवावं, यापेक्षा सरळ विचारणं हाच त्याचा मान आहे.

विचारण्याआधी कायदा काय म्हणतो ते समजून घ्या, म्हणजे बोलताना पाय डगमगणार नाहीत.

मांसावर देशाचं नाव लावायची सक्ती अमेरिकेत २००२ च्या फार्म बिलाने, म्हणजे शेतीविषयक कायद्याने, आणली. अंमलबजावणी लांबत गेली. २००८ च्या फार्म बिलाने यादीत शेळीचं मटण आणि चिकन घातलं, आणि त्या वर्षीच्या ३० सप्टेंबरपासून नियम प्रत्यक्षात लागू झाले. बीफ आणि पोर्क तेव्हा यादीत होते. कॅनडा आणि मेक्सिकोला ते मान्य नव्हतं. त्यांच्याकडची जिवंत गुरं आणि डुकरं सीमेपलीकडे येऊन अमेरिकेत कापली जात, आणि वेगळं लेबल लावायचं म्हणजे कत्तलखान्यांना ती वेगळी बांधायची, वेगळी कापायची. त्यामुळे आमच्या जनावरांचा भाव पडतो, असं त्यांचं म्हणणं. जागतिक व्यापार संघटनेत खटला वर्षानुवर्षं चालला, अमेरिका हरत गेली. डिसेंबर २०१५ मध्ये त्या दोन देशांना मिळून वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलरच्या अमेरिकी मालावर जादा कर लावायची परवानगी मिळाली, आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच महिन्यात बीफ आणि पोर्क यादीतून काढून टाकले. आज मोठ्या सुपरमार्केटातही गाईच्या मांसावर देशाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. बीफ पाळणारे कितीतरी रँचर याबद्दल अजून चिडून आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

शेळी, मेंढी आणि चिकन मात्र यादीत राहिले. म्हणून सुपरमार्केटात लँबच्या पाकिटावर तुम्हाला ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड हे नाव हमखास दिसतं. आता मुख्य गोष्ट. ही सक्ती सगळ्या दुकानांना नाही. वर्षाला २,३०,००० डॉलरहून जास्त किमतीची ताजी आणि गोठवलेली फळं-भाजी खरेदी करणाऱ्या दुकानांनाच ती आहे. व्याख्याच तशी केली आहे. त्यामुळे भाजीचा भला मोठा विभाग असलेलं देशी सुपरमार्केट कायद्यात येतं, आणि नुसतं मटण-मासळी विकणारं दुकान, म्हणजे आपण जिथे मटण घ्यायला आवर्जून जातो ते, कायद्याबाहेर राहतं. हॉटेलं आणि केटररही बाहेर. मटणाला मसाला लावून ठेवला, तर तेही ‘प्रक्रिया केलेलं’ म्हणून बाहेर. थोडक्यात, या देशात शेळीचं मटण सगळ्यात जास्त जिथे विकलं जातं, नेमकं तिथे लेबलची सक्ती नाही. ही फट कुणीतरी बुजवायला हवी, आणि ती मागणी आपल्यासारख्या मटण खाणाऱ्या लोकांनीच करायला हवी. गोऱ्या सुपरमार्केटच्या गिऱ्हाइकाला तिची झळ लागत नाही.

लेबल लावलं नाही तर चालतं, म्हणून खोटं लेबल लावलं तर चालतं असं मात्र नाही. टेक्ससचा १९७३ चा ग्राहकांच्या फसवणुकीविरुद्धचा कायदा आहे, डीटीपीए. वस्तू कुठली आहे याबद्दल दिशाभूल करणं हे त्यात फसवणुकीच्या प्रकारांमध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. म्हणजे दुकानदारांनी पाटीच लावली नसती तर कायदा त्यांना काही विचारत नव्हता. ‘लोकल’ लिहिलं, तर ते खरं असलं पाहिजे.

आणखी दोन शिक्के लोकांना फसवतात. खरं तर शिक्के फसवत नाहीत, आपण त्यांचा भलताच अर्थ लावतो. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, गोल शिक्का मटण तपासून पास झालंय एवढंच सांगतो. बोकड कुठे जन्मला, कुठे वाढला याच्याशी त्याचा संबंध नाही. बाहेरून आलेलं मटण इथल्या तपासणीखालच्या कारखान्यात उघडून, कापून, नव्या पाकिटात भरलं की त्यावरही तोच शिक्का येतो. दुसरा, ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’. वर्षानुवर्षं हे शब्द परदेशातून आलेल्या आणि इथे फक्त पुन्हा पाकीटबंद झालेल्या मांसावरही लावता येत होते. मार्च २०२४ मध्ये यूएसडीएने नियम बदलला. १ जानेवारी २०२६ पासून जनावर अमेरिकेत जन्मलं, वाढलं, कापलं गेलं आणि मांसावर प्रक्रियाही इथेच झाली, तरच ते शब्द वापरता येतात. लेबल लावणं ऐच्छिकच आहे, पण लावलं तर खरं लावायचं. उशिरा का होईना, हे चांगलं झालं.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. चव चांगली असताना खोलात कशाला जायचं?

कोकणातला हापूस घ्या. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं. तरीही दर उन्हाळ्यात कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकला जातो. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो, पुष्कळांना चवीत फरकही कळत नाही. पण ज्या बागायतदाराने कातळात सुरुंग लावून झाड जगवलं, मोहोर जाळणाऱ्या उन्हाशी झगडून फळ आणलं, त्याच्या हातात त्या नावाशिवाय दुसरं काय आहे? नाव दुसऱ्याने लावलं की भाव दुसऱ्याला जातो. तुमच्या यजमानांना हा आंबा माहीत असेलच. शेळीचं गणितही हेच आहे.

सॅन अँजेलोच्या त्या आजोबांच्या भागाला एडवर्ड्स पठार म्हणतात. चुनखडीची जमीन, झुडपं, कमी पाऊस; गाईपेक्षा शेळीलाच मानवणारा मुलूख. तिथे पिढ्यानपिढ्या अंगोरा शेळ्या असायच्या, मटणासाठी नाही तर मोहेर नावाच्या लोकरीसाठी. लोकर आणि मोहेर विकणाऱ्यांना १९५४ च्या नॅशनल वूल ॲक्टखाली सरकारी पैसे मिळत. काँग्रेसने १९९३ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, आणि १९९५ नंतर ते थांबले. कितीतरी कळप विकले गेले. नेमकं त्याच १९९३ साली मूळची दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळी अमेरिकेत आली: पांढरं अंग, तांबडं डोकं, भरदार मांड्या. (आपल्याकडे हीच जात फलटणच्या निंबकर संस्थेने आणली, आणि उस्मानाबादीशी तिचा संकर पाळणारे शेतकरी तुम्हाला पश्चिम महाराष्ट्रात भेटतील.) ज्या रँचरांनी हार मानली नाही ते लोकरीकडून मटणाकडे वळले. त्यांचं मटण घेणार कोण? गोरा अमेरिकन शेळी फारशी खात नाही. मेक्सिकन कुटुंबं खातात, कोवळ्या करडाचं काब्रितो ही त्यांची जुनी आवड. टेक्ससमधल्या ब्रेडी गावात १९७४ पासून शेळीचं मटण भाजायची स्पर्धा भरते, तीही हौस आहे. पण या धंद्याला खरा आधार दिला तो बाहेरून आलेल्या लोकांनी: मेक्सिको, नायजेरिया, सोमालिया, पाकिस्तान, बांगलादेश, भारत. आपण दिला. सॅन अँजेलोचा लिलाव, शेळ्या-मेंढ्यांसाठी देशातला सगळ्यात मोठा म्हणून ओळखला जाणारा, आपल्यासारख्यांच्या ताटावर उभा आहे. ईदच्या आणि ईस्टरच्या आधी तिथे भाव चढतात, ते याच गिऱ्हाइकामुळे.

म्हणून आपल्याच दुकानात त्यांच्या नावाने दुसरं मटण विकलं जातं, तेव्हा त्याची झळ त्या आजोबांना थेट पोचते.

ऑस्ट्रेलियाचं मटण स्वस्त का, तेही बघा. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात आणि क्वीन्सलंडमध्ये मोकाट शेळ्यांचे प्रचंड कळप आहेत. पुष्कळसं निर्यातीचं मटण या शेळ्या गोळा करून होतं. वीण सांभाळायची नाही, खुराक नाही, वर्षभर राखण नाही. टेक्ससच्या रँचरला कोयोटी या रानटी कुत्र्यांपासून कळप राखायला मोठाले पांढरे राखणीचे कुत्रे ठेवावे लागतात, शेळी निसटणार नाही असं कुंपण सांभाळावं लागतं, आणि पाऊस झाला की पोटातल्या जंतांशी लढावं लागतं. शेळीच्या पोटातलं रक्त पिणारा एक जंत तिथे औषधांनाही दाद देईनासा झालाय. हा सगळा खर्च त्याच्या मटणाच्या पौंडामागे येतो. तो ‘माझं घ्या’ म्हणून हट्ट धरत नाही. माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं एवढं गिऱ्हाइकाला दिसू द्या, एवढंच त्याचं मागणं आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मटणाला नावं ठेवायची गरज नाही. ते तपासलेलं असतं, चरबी कमी असते, आणि महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या घराला ते परवडतं. ज्याला ते घ्यायचं त्याने खुशाल घ्यावं. खोक्यावर नाव आहेच की! ते नाव काउंटरपर्यंत येऊ द्यावं, एवढंच.

दुकानदारांशी बोलायला शनिवारी गर्दीच्या वेळी जाऊ नका. आठवड्यातल्या दुपारी जा, एकट्या जा, आणि समितीतली कुणी तावातावाने बोलणारी व्यक्ती बरोबर नेऊ नका. खोक्यांपासून सुरुवात करा, लपवू नका. ‘भाईसाहेब, परवा मागच्या दाराशी खोकी बघितली. आमच्या ऑर्डरीत कुठलं मटण असतं?’ एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर येईपर्यंत आपणहून सबबी सुचवू नका. आपल्याला संकोच वाटला की आपण समोरच्याच्या वतीने बोलायला लागतो. ‘तुमच्या ऑर्डरीत ऑस्ट्रेलियाचं असतं, भावात बसत नाही ना’ असं ते म्हणाले, तर प्रकरण बहुधा तिथेच मिटलं. मग दुसरा प्रश्न विचारा. इथलं हवं असेल तर पौंडामागे किती, कुठल्या रँचचं किंवा कुठल्या लिलावातलं, कुठे कापलेलं, आणि बिलावर तसं लिहून द्याल का? खरोखर इथलं आणणाऱ्या माणसाला या प्रश्नांची उत्तरं देताना अडचण येत नाही. कारखान्याचा क्रमांक शिक्क्यातच असतो, आणि यूएसडीएच्या यादीत तो शोधता येतो. त्यावरून मटण कुठल्या कारखान्यातून आलं ते कळतं. बोकड कुठे जन्मला ते कळत नाही, ते कागदावर मागावं लागतं.

शेवटी पाटीबद्दलही बोला. अवघड आहे, पण बोला. ‘ट्रेवर दोन चिठ्ठ्या लावा, एकीवर टेक्सस, एकीवर ऑस्ट्रेलिया. आमच्या मंडळातली कितीतरी घरं इथलं जास्त पैसे देऊन घेतील.’ हे तुम्ही धमकी म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून सांगताय. त्यांना त्यात धंदा दिसला तर ते करतील.

आणि समजा त्यांनी तुमच्या तोंडावर सांगितलं की ते सगळं इथलंच आहे, खोकी कसली? तर मंडळाची ऑर्डर तिथे देऊ नका, का देत नाही ते त्यांना सांगा, आणि पाटी तशीच राहिली तर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार करता येते. मी ते पाऊल शेवटचं ठेवीन, पण ठेवीन नक्की. एक मात्र करू नका: मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खोक्यांचा फोटो आणि दुकानाचं नाव टाकू नका. तिथे संध्याकाळपर्यंत मटणाचं कुत्र्याचं मांस होतं, आणि ते निस्तरायला कुणी येत नाही. एका कुटुंबाचा धंदा त्यात बुडू शकतो, तोही तुम्ही त्यांना एक प्रश्नसुद्धा विचारायच्या आधी.

आता दीडशे माणसांचं.

सगळेच मटण खात नाहीत, पण जे खातात ते मंडळाच्या जेवणाला घरच्यापेक्षा जास्त खातात. हाडासकट कच्चं मटण माणशी अर्धा ते पाऊण पौंड धरा. इथे सत्तर पौंडांच्या आसपासचा बोकड बाजारात सहज मिळतो. जिवंत वजनाच्या जेमतेम निम्मं वजन कापल्यावर उरतं, सत्तर पौंडांचे तेहतीस-चौतीस पौंड. त्यातून थोडी छाटणी जाते. तुम्हाला चार बोकड पुरतील, उरलंच तर थोडंसं. त्या आजोबांना फोन करा आणि आधी हे विचारा: बोकड तुमच्याकडेच जन्मलेले का, की लिलावातून आणलेले? वय काय? जंताचं औषध शेवटचं कधी दिलं आणि त्यानंतर कापायला किती दिवस थांबता? नातवंडाच्या मैत्रिणीची आई असे प्रश्न विचारते म्हणून त्यांना राग येणार नाही. रँचर माणसाला आपल्या कळपाबद्दल कुणी नीट विचारलं तर बरंच वाटतं. फोन ठेवायला उशीर होईल, तेवढी तयारी ठेवा.

भाव त्यांनी सांगितलेलाच द्या. ‘ओळखीत काहीतरी कमी करा’ म्हणायचा मोह आवरा. ओळखीतून भाव पाडायचा असेल तर लिलाव काय वाईट?

यात एक खोच आहे आणि तिच्यात बरीच मंडळं अडकतात. छोट्या गावांतले काही कत्तलखाने जनावर मालकासाठी कापून देतात, पण तिथे प्रत्येक जनावराची सरकारी तपासणी होत नाही. अशा मटणाच्या पाकिटावर ‘नॉट फॉर सेल’ असा शिक्का असतो. ते मालकाने, त्याच्या घरच्यांनी, त्याच्या नोकरांनी आणि पैसे न देणाऱ्या पाहुण्यांनी खायचं. तुमची सहल तिकिटाची आहे, माणशी पैसे घेता. तिथे हे मटण चालणार नाही. त्यामुळे बोकड अशाच ठिकाणी कापायला लावा जिथे यूएसडीएची किंवा टेक्सस राज्याची तपासणी आहे. राज्याची तपासणी राज्याच्या आत विक्रीला पुरते. कापणावळ जरा जास्त पडेल, आणि तारीख लवकर मिळणार नाही. मोठ्या सणांच्या आधी ही ठिकाणं भरलेली असतात, आणि शरद ऋतूत शिकारीचा मोसम सुरू झाला की हरणांची रांग लागते. म्हणून सहलीची तारीख ठरली की मंडपाच्या आधी कत्तलखान्याची तारीख घ्या.

समितीत पैशाचा प्रश्न निघेलच. लपवू नका. मागच्या वर्षीचा पौंडाचा भाव आणि यंदाचा भाव शेजारी लिहून दाखवा, फरक माणशी किती येतो ते काढा आणि लोकांना विचारा. माझा अंदाज, फार तर एका कॉफीइतका येईल, पण आकडा तुम्ही तुमच्या बिलांवरून काढा. बहुमत नको म्हणालं, तर ऑस्ट्रेलियाचं मटण घ्या आणि निमंत्रणात नुसतं ‘मटण’ लिहा. त्यातही लाज नाही. हो म्हणाले, तर बिल हातात आल्यावर निमंत्रणात लिहा: ‘यंदाचं मटण टॉम ग्रीन काउंटीतल्या रँचवरचं’, किंवा त्यांची जी काउंटी असेल ती. ‘ताजं’ हा शब्द मात्र लिहू नका. कत्तलखाना बहुधा गोठवूनच देईल, आणि एवढ्या अंतरावरून टेक्ससच्या उन्हात आणायचं तर तेच शहाणपणाचं. गोठवलेलं मटण आदल्या दिवशी फ्रिजमध्ये सुटायला ठेवा, ओट्यावर नको.

कापायच्या सूचना देताना फार नीट बोला, कारण इथे बहुतेकांना रोस्ट आणि चॉप्स माहीत असतात, आपला रस्सा नाही. ते विचारतील, पाय अख्खे ठेवू का? सांगा, अख्खं काही नको. हाडासकट दीड इंचाचे तुकडे, मांडी, खांदा आणि मान एकत्र. नळ्या वेगळ्या. चाप वेगळ्या, पातळ नको. करवतीने कापतात, त्यामुळे हाडांचा भुगा लागलेला असतो, तो शिजवायच्या आधी हलक्या हाताने धुऊन घ्या. मुंडी-पाय हवे असतील तर आधी सांगितलंत तरच मिळतील. फोपसं मात्र मागू नका, जनावराचं फुप्फुस माणसाच्या खाण्यासाठी विकायला या देशात बंदी आहे, हा नियम ऑस्ट्रेलियाच्या बोकडालाही आहे आणि आजोबांच्याही. कलेजी आणि गुर्दे कागदावर वेगळे लिहून घ्या, नाहीतर ते न विचारता टाकून देतात. चार बोकडांची कलेजी म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांसाठी सकाळच्या चहाबरोबर भरपूर होते.